स्टेशनवर दुकाने हवीतच; पण काउंटरच्या पलीकडे कोण?

कोरेगाव म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर भीमेकाठचा विजयस्तंभ उभा राहतो. आम्ही राहतो ते कोरेगाव वेगळे. आमचे कोरेगाव सातारा जिल्ह्यातले, वाघ्या घेवड्याचे, पुणे-मिरज रेल्वेलाइनवरचे. इथे विजयस्तंभ नाही, पण या लाइनला बाबासाहेबांच्या लहानपणाची एक आठवण चिकटलेली आहे. ती आठवण घेऊनच आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर बोलायचे आहे : रेल्वे स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर दुकाने, टपऱ्या, सेवाकेंद्रे असावीत का, आणि असली तर ती कोणाची?

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडील कोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. बाबासाहेबांनी गावाचा तालुका खटाव दिला आहे आणि काही चरित्रांत गावाचे नाव गोरेगाव असे येते. त्या वादात आम्ही शिरत नाही. मुले साताऱ्याहून निघाली, नवे कपडे घालून, पहिल्यांदाच आगगाडीत बसायला. स्टेशनवर थोरल्या भावाने तिकिटे काढली आणि भीमरावाला व भाच्याला खाऊसाठी दोन-दोन आणे दिले. दोघांनी लगेच एकेक लेमोनेडची बाटली घेतली. मग गाडी आली.

पुढचे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मसूरला उतरल्यावर स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांच्या तोंडून 'महार' हा शब्द निघताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले रात्रभर उपाशी राहिली.

आम्ही ही आठवण अनेक शिबिरांत सांगितली आहे. सांगताना मसूरवर, पाण्यावर भर असायचा. लेमोनेडची बाटली आम्ही कित्येक वर्षे ओलांडूनच पुढे जात होतो. आता ती खटकते. त्याच दिवशी, त्याच मुलाला, एका स्टेशनवर पैसे टाकून बाटली मिळाली आणि पुढच्या स्टेशनवर दुप्पट पैसे टाकूनही घोटभर पाणी मिळाले नाही. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी कोणी जात विचारली नाही. बाजार माणसाला मोकळे करतो असे सांगणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत. पैसा चालतो, पण आडनाव विचारले जाईपर्यंतच.

दुकाने हवीत, हे आधी स्पष्ट करू

आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, स्टेशन प्रवासासाठी असते, तिथे बाजार कशाला? आम्हाला हे पटत नाही. कोरेगावच्या पुढे रहिमतपूर, तारगाव, मसूर अशी लहान स्टेशने या लाइनवर आहेत. लहान स्टेशनवर संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईने गाडीची वाट पाहत बसणे म्हणजे काय, ते बसून पाहावे. तिथे एक चहाची टपरी चालू असली, एक दिवा असला, एक ओळखीचा चेहरा असला, तरी जीवाला धीर येतो. पोलिसाची गस्त रोज येत नाही; टपरीवाला रोज येतो.

एसटी स्टँडचेही तेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. स्टँडवर बाया वाढल्या, म्हातारी माणसे वाढली. त्यांना गरम चहा, भाकरी, औषधाची गोळी, सॅनिटरी पॅड, झेरॉक्स, मोबाईलचे रिचार्ज हे जागेवर मिळाले पाहिजे. हातावर पोट असणाऱ्याला गावात दोन फेऱ्या मारायला सवड नसते. तेव्हा दुकाने हवीतच. फक्त एक अट : नळ आणि संडास हे दुकान नव्हे. पिण्याचे पाणी फुकट मिळालेच पाहिजे. ज्यांच्या नेत्याने चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सत्याग्रह केला, त्यांनी 'पाण्याची बाटली आहे ना, मग नळ कशाला' हा युक्तिवाद कधीच मान्य करू नये.

गिऱ्हाइकाचा हक्क आणि मालकाचा हक्क

संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून अडवणूक करायला मनाई केली. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदाही आला. हे आकाशातून पडलेले नाही. स्टेशनांवर हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे वेगळे असे हा देश वर्षानुवर्षे पीत होता. दक्षिणेत स्टेशनवरच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी जेवायची जागा वेगळी असे. पेरियार यांच्या चळवळीने रान उठवल्यावर १९४१ साली ती पद्धत बंद झाली. आमची पुणे-मिरज लाइन तेव्हा ज्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होती, तीच कंपनी मद्रासकडेही गाड्या चालवत होती. म्हणजे हा प्रश्न तामिळनाडूचा आणि तो आपला, अशी वाटणी करायचे कारण नाही.

पण नीट पाहिले तर हे सगळे हक्क काउंटरच्या अलीकडचे आहेत. आत जाण्याचे, बसण्याचे, पैसे देऊन खाण्याचे. काउंटरच्या पलीकडे उभे राहण्याचा हक्क, म्हणजे विकण्याचा, गल्ला सांभाळण्याचा, पाटीवर स्वतःचे नाव लावण्याचा हक्क, तो कागदावर सर्वांना आहे आणि प्रत्यक्षात मोजक्यांना. जातिव्यवस्थेने आपल्याला नुसते पाणवठ्यापासून तोडले नाही, व्यापारापासूनही तोडले. ज्याच्या हातचे कोणी खाणार नाही त्याने हॉटेल कसे काढायचे? अन्नाचा धंदा हा भांडवलाचा प्रश्न असण्याआधी स्पर्शाचा प्रश्न आहे.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. २०१७ साली पुण्यात स्वयंपाकाच्या बाईने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार झाली. ती बाई ब्राह्मण नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईने रांधले म्हणून शाळेतल्या मुलांनी जेवण नाकारले. ती मुले नऊ-दहा वर्षांच्या भीमरावापेक्षा फार मोठी नसतील.

कागदावर वाटा आहे

रेल्वेच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या तरुणांना माहीतच नसते. स्टेशनवरच्या लहान खाद्यस्टॉलमध्ये आरक्षण आहे. रेल्वेच्या २०१० च्या खानपान धोरणानुसार मोठ्या स्टेशनांवर, म्हणजे जुन्या वर्गवारीतील ए, बी, सी स्टेशनांवर, २५ टक्के आणि डी, ई, एफ या लहान स्टेशनांवर ४९.५ टक्के लहान स्टॉल राखीव ठेवायचे ठरले. त्यात अनुसूचित जातींचा वाटा मोठ्या स्टेशनांवर ६ टक्के, लहान स्टेशनांवर १२ टक्के. लहान स्टेशनांवर अनुसूचित जमातींचा ८ टक्के. २०१७ च्या धोरणाने प्रत्येक प्रवर्गात महिलांसाठी ३३ टक्के उपकोटा ठेवला. २०२२ पासून 'एक स्टेशन एक उत्पादन' योजनेत स्थानिक कारागीर आणि बचत गटांसाठी स्टॉलची वेगळी सोय झाली.

मग आपली माणसे त्या स्टॉलवर दिसत का नाहीत?

एक, माहिती पोहोचत नाही. लहान स्टेशनवर स्टॉल असतो एक नाहीतर दोन. एका स्टॉलचे १२ टक्के कसे काढणार? हिशेब अनेक स्टेशनांचा मिळून मांडावा लागतो आणि तो गावातल्या माणसाला कधी दिसतच नाही. दोन, कागद. रेल्वे केंद्राची, म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण दाखल्यावर 'बौद्ध' पाहून कपाळाला आठ्या घालणारा बाबू अजून कचेरीत बसलेला आहे. तीन, आणि सर्वांत मोठे कारण : निविदा.

आमचा अनुभव सांगतो. आमच्या भागातल्या एका बसस्थानकाबाहेर आमच्या वस्तीतल्या एक मावशी वीस वर्षे शेंगा, मक्याची कणसे, बोरे विकत होत्या. स्थानकाची रंगरंगोटी झाली, कुंपण आले, मावशींची पाटी उचलली गेली. "टेंडर भरा," असे सांगण्यात आले. आम्ही मावशींना घेऊन टेंडर भरायला बसलो. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला ती निविदा दोनदा वाचून कळली नाही. डिजिटल सही, अनामत रक्कम, मागच्या वर्षांची उलाढाल, प्राप्तिकराचे विवरणपत्र. मावशी म्हणाल्या, "ताई, माझी उलाढाल ही पाटी. सकाळी भरती, सांजला रिकामी."

अर्ज राहिला. पुढची गोष्ट सांगायला आम्हाला जड जाते. महिन्याभरात एक गृहस्थ मावशींच्या घरी आले. दुसरीकडे एक राखीव स्टॉल निघणार होता. दाखला आणि सह्या मावशींच्या, पैसा आणि गल्ला त्यांचा, मावशींना घरबसल्या महिना तीन हजार. मावशींनी आम्हाला विचारले, घेऊ का? आम्ही बेनामी, कायदा, बाबासाहेबांचे उपकार सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरं, नाय घेत. मग महिन्याचं तीन हजार तुमी देताय का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मावशींनी सही केली नाही. आज त्या रस्त्याच्या पलीकडे, गटारावरच्या फरशीवर बसतात. चळवळ माणसाला 'नाही' म्हणायला शिकवते, पण त्या 'नाही' ची किंमत बहुतेक वेळा सगळ्यांत गरीब माणूस भरतो. समाजातल्या नोकरदारांनी यावर विचार करावा. आणि ज्यांनी असे दाखले भाड्याने दिले आहेत, त्यांना दोष देण्याआधी त्यांना अनामत रक्कम उभी करून देणारी एक तरी पतसंस्था आपण काढली का, हेही विचारावे.

पाटीवाल्यांना कायदा नाही

निविदा भरू न शकणारा माणूस पाटी घेऊन फलाटावर येतो. त्याच्यासाठी रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १४४ आहे : परवान्याशिवाय विक्री केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. सर्वेक्षण होईपर्यंत हटवायचे नाही, शहर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच, त्यात एक तृतीयांश महिला, अशी चांगली कलमे त्यात आहेत. पण त्याच कायद्याच्या सुरुवातीला लिहिले आहे की रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना तो लागू नाही. म्हणजे गावातल्या चौकात जो माणूस पथविक्रेता, तोच स्टेशनच्या फाटकातून आत आला की गुन्हेगार.

गर्दीचा मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पूल अरुंद, पाऊस मोठा. रेल्वेच्या चौकशीनेही पावसाकडे बोट दाखवले. तरी त्यानंतर मार खाल्ला तो फेरीवाल्यांनी. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीला मनाई केली. पुलावर, जिन्यावर, फाटकात कोणी बसू नये हे आम्हालाही मान्य आहे. पण मुंबईच्या गर्दीचे औषध दिवसाला मोजक्या गाड्या थांबणाऱ्या स्टेशनला पाजायचे कशाला? आणि जागा अडवण्याचा आरोप पाटीवरच का? मोठ्या कंपनीचा काचेचा स्टॉल पाटीच्या कितीतरी पट जागा खातो. त्याला सुशोभीकरण म्हणतात.

'शिकलेल्या पोरांनी चहा विकायचा का?'

हा प्रश्न आपल्याच घरातून येतो आणि तो रास्त आहे. भजी तळणे हाही रोजगारच असे २०१८ साली देशाच्या पंतप्रधानांनी सांगितले, तेव्हा आपल्या पदवीधर पोरांना त्यातला अपमान बरोबर कळला. आम्ही नोकरीच्या बदल्यात स्टॉल मागत नाही. रेल्वेतला आणि एसटीतला अनुशेष भरलाच पाहिजे, खासगीकरणाने आरक्षण गिळायचे थांबलेच पाहिजे.

पण स्टेशनवर एक नजर टाका. फलाट झाडणारे, रुळांवरची घाण काढणारे हात कोणाचे आहेत? ठेकेदाराच्या गणवेशात ती बहुतेक आपलीच माणसे निघतात. झाडूसाठी निविदेत उलाढाल विचारत नाहीत. झाडू आपोआप मिळतो आणि चहाच्या किटलीसाठी डिजिटल सही लागते. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांनी सांगितले. ते समजून घ्यायला विद्यापीठात जायची गरज नाही, एक फलाट पुरेसा आहे.

शाहू महाराजांनी काय केले?

आमच्या शेजारच्या कोल्हापुरात याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. गंगाराम कांबळे महाराजांच्या तबेल्यात नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' नावाचे ते हॉटेल भर रस्त्यावर उघडले, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले.

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. भांडवल दिले. मोक्याची जागा दिली. आणि सत्ता स्वतः गिऱ्हाईक झाली. आपल्या योजना फार तर पहिली गोष्ट करतात, तीही कर्जाच्या रूपात. दुसरीसाठी निविदा लावतात. तिसरी कोणाच्या मनातही येत नाही.

जागा देऊन सोडून दिले तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका भाकर देणारी केंद्रे काढली. सार्वजनिक जागांवर बेरोजगारांना स्टॉल दिले. काही वर्षांत योजना बंद पडली, स्टॉल उरले आणि त्यांपैकी किती तरी भलत्याच धंद्याला आणि भलत्याच हातांत गेले. उलट केरळात २०१७ साली कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा कुटुंबश्रीच्या बचत गटांतल्या बायांना स्टेशनांवरची कामे थेट दिली, त्यांत तृतीयपंथी व्यक्तींनाही घेतले. तिथे उलाढालीचा दाखला नव्हे, संघटना पाहिली गेली.

आमच्या मागण्या

पहिली, दहा वर्षे स्टेशनाच्या वा स्टँडच्या दारात विकणाऱ्यांची आधी नोंद करा, त्यांना आत ओळखपत्र आणि ठरलेली जागा द्या, मगच सुशोभीकरण.

दुसरी, लहान स्टेशन-स्टँडवरच्या राखीव स्टॉलला उलाढालीची अट नको. अनामत हप्त्याने घ्या. अर्ज मराठीत, चार पानांचा, तहसील कचेरीत भरता येईल असा.

तिसरी, राखीव स्टॉलवर परवानाधारकाचे नाव आणि फोटो दर्शनी लावा. बेनामी सापडल्यास पैसा लावणाऱ्यावर गुन्हा नोंदवा; गरीब बाईचा परवाना तेवढा रद्द करून मोकळे होऊ नका.

चौथी, रेल्वे आणि एसटीची स्वतःची चहापाण्याची, बैठकांची, कर्मचाऱ्यांच्या जेवणाची ऑर्डर राखीव स्टॉलला द्या. गंगारामांच्या हॉटेलात महाराज गेले, तसे साहेबांनी जावे.

पाचवी, फुकट पिण्याचे पाणी आणि स्वच्छ संडास नसलेल्या ठिकाणी एकही नवा स्टॉल नको.

आता वाचकांचे काम. आमची लाइन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येते, स्टँड एसटीच्या सातारा विभागात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. विचारायचे एवढेच : विभागात लहान स्टॉल किती, राखीव किती, त्यांतले अनुसूचित जातींकडे किती, महिलांकडे किती, आणि परवाना कोणाच्या नावावर आहे. आपल्या जिल्ह्यातली सातारा, कराड, लोणंद ही स्टेशने अमृत भारत योजनेत आली आहेत. बांधकाम संपले की दुकानांची वाटणी होईल. ती झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा आधी अर्ज टाकलेला बरा. वस्तीतल्या शिकलेल्या प्रत्येक पोराने एका मावशीचा अर्ज भरून द्यावा. आम्ही आमच्या मावशींचा पुन्हा भरणार आहोत, आणि या वेळी अनामतीसाठी वस्तीत वर्गणी सुरू केली आहे.

त्या मुलाला १९०१ साली लेमोनेड विकले गेले. बाटली देणारा माणूस कोण होता ते बाबासाहेबांनी लिहिलेले नाही. पण त्या काळी त्या जागी महाराचा माणूस उभा असणे शक्य नव्हते, हे आपण खात्रीने सांगू शकतो. एवढ्या वर्षांनी कोरेगावच्या स्टेशनवर उतरणाऱ्या पोराला गाडीच्या दारातून किटलीमागे आपली मावशी दिसावी, एवढेच मागतो आहोत.

जय भीम!